फिडल मुरवताना

नवं फिडल शिकाऊ हातात द्यायचं नाही, असा फिडलबाईच्या माहेरचा दंडक होता. आधी घरातल्या जाणत्या माणसाने ते वर्षभर वाजवायचं, रोज, आजारपणाची सबब न सांगता. नव्या लाकडाला काहीच ठाऊक नसतं, त्यामुळे पहिल्या वर्षात त्याच्या अंगात जे घुमेल तेच ते धरून बसतं, अशी त्या घराची समजूत. सुरात घुमवलंत तर जन्मभर सुरात बोलेल. बेसूर घुमवलंत तर मग बसा घासत. याला ते लोक 'मुरवणं' म्हणत. खरं की खोटं ते लाकडालाच माहीत. पुस्तकं वाचलेली माणसं हसतात म्हणे. पण तिचे वडील हसणाऱ्याला दाराबाहेर काढत, आणि त्यांचा हा गुण तिने पुरेपूर उचलला होता.

गल्लीत तिला सगळे फिडलबाई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला मेंडोलिनवाला. तरुणपणी दोघं एकाच बँडमध्ये होती, तिथेच सूत जमलं. ज्या माणसाच्या तारा आपण भर कार्यक्रमात डोळे वटारून लावून घेतल्या त्याला 'अहो' कुठलं म्हणायचं, असं म्हणून तिने त्याला पहिल्यापासून 'अरे' केलं होतं, आणि त्यालाही ते गोड लागायचं. फिडल आणि मेंडोलिन ही तशी सख्खी भावंडं. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत चार सूर दोघांचे तेच. फरक एवढाच की मेंडोलिनवर प्रत्येक सुराला तारांची जोडी असते आणि बोटाखाली पडदे असतात. पडदे असले की बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी सूर आपल्या जागी उभा राहतो. फिडलला पडदे नाहीत. तिथे सगळी भिस्त कानावर.

आणि तिचा कान म्हणजे गल्लीला धाकच होता. कोणाचं दार कुठल्या सुरात करकरतं ते ती सांगायची, आणि फारच बेसूर करकरत असेल तर तेलाची बाटली घेऊन स्वतः जायची. बँड तिने सोडला तोही सुरावरून. बँडमास्तर म्हणाला, लोकांना कुठे कळतंय. तिने फिडलची पेटी बंद केली आणि चालू पडली. मागोमाग मेंडोलिनवालाही निघाला, कारण त्याला दुसरं काही सुचलं नाही. तेव्हापासून ती सकाळी शाळेत आणि दुपारी घरी मुलांना फिडल शिकवायची. रूपाचा, कपड्यांचा, हाताच्या चवीचा तोरा तिने कधी मिरवला नाही. मिरवला तो कानाचा. दुसरं आपल्यापाशी मिरवण्यासारखं आहेच काय, असं ती स्वतःच म्हणायची.

त्यांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात वाद्यशाळेत होती. तिच्या हातातलं फिडल शाळेचं, शिक्षण संपलं की परत करायचं. आणि त्याच सुमाराला तिथल्या मोठ्या वाद्यवृंदात नव्या वादकांची निवड व्हायची होती. लेकीचा सगळा जीव त्या निवडीत अडकलेला. तेव्हा वर्षभर आधीच नवं फिडल घ्यायचं, आईने ते मुरवायचं आणि ऐन वेळी लेकीच्या हातात द्यायचं, असं ठरलं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. छताला दोऱ्यांनी फिडलं टांगलेली, खाली भुसा, आणि कोपऱ्यात गोंदाचं भांडं शेगडीवर रटरटत असलेलं. दुकानदार स्वतःच कारागीर. फिडलबाईने आधी नेहमीप्रमाणे त्याचा जीव खाल्ला. प्रत्येक फिडल डोळ्याशी धरून मान सरळ आहे का ते पाहिलं, पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करून ऐकलं, नाकाशी धरून रोगण पुरतं वाळलंय का ते हुंगलं, खुंट्या घसरतात का ते तपासलं. मग गजाला राळ लावली आणि वाजवायला घेतलं.

"याचे वरचे सूर उतरतात," ती म्हणाली आणि फिडल बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं. "याचेही उतरतात." तिसरं, चौथं, सगळ्यांचं तेच. दुकानदार अदबीने म्हणाला, "सगळ्यांचेच, बाई?" आणि त्याने मेंडोलिनवाल्याकडे पाहिलं. मेंडोलिनवाला छताकडे बघत होता. त्यानेही ऐकलं होतं. फिडलं ठीक होती. वर जाताना तीच प्रत्येक सूर नखभर चढवून घेत होती, आणि तरी तिला तो उतरलेला वाटत होता.

शेवटी तिने एक निवडलं. ते सगळ्यांत कर्कश होतं. दुकानदार प्रामाणिक माणूस, तो म्हणालाही, "हे जरा बोचरं बोलतं बाई, अजून हात फिरवायचाय यावर." ती म्हणाली, "बोचरं नाही, हेच एकटं खरं बोलतंय." वाटेत ती खुशीत होती. पेटी तिने त्याला उचलू दिली नाही. तो शेजारून चालत राहिला, आणि आज तिला बरं नसेल, सर्दी असेल, खोलीत भुसा फार होता, असं स्वतःला समजावत राहिला.

संध्याकाळी दोघांनी एकत्र वाजवायला बसायचं हा त्या घराचा नेम होता. भांडण झालेलं असलं तरी बसायची. बोलणं बंद आणि वाजवणं चालू असे कितीतरी दिवस त्यांनी काढले होते. फिडल ती मनातल्या सुराने लावायची. तिला कोणी सूर द्यावा लागत नसे, बाकीच्यांनीच तिच्याकडून घ्यायचा. नव्या फिडलच्या पहिल्या संध्याकाळी चार गज ओढले असतील नसतील, तिने गज थांबवला.

"तुझी बारीक तार उतरलीय."

त्याने एकेक जोडी वाजवून पाहिली. नादकाटा, म्हणजे गुडघ्यावर आपटला की एकच पक्का सूर देणारा तो पोलादी चिमटा, कानाशी धरला. मेंडोलिन जागच्या जागी होतं. चढलं होतं ते फिडल.

"उतरलेली नाही गं."

"मला सांगतोस?" ती म्हणाली. रागाने नाही, लहान मुलाला सांगावं तशी. "चढव."

त्याने खुंटी किंचित पिळली. ती म्हणाली, "अजून." त्याने अजून पिळली. "हां. आता कसं," ती म्हणाली, आणि डोळे मिटून वाजवू लागली. तोही वाजवू लागला. जाड तार एक म्हणत होती आणि बारीक तार भलतंच. त्याचे दात आंबले. पण तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की तो तसाच वाजवत राहिला.

तिथेच तो फसला. एकदा चढवलेली तार दुसऱ्या दिवशी उतरवायची कशी? उतरवली तर ती विचारणार. काही आठवड्यांनी तिला तीही उतरलेली वाटली, मग आणखी थोडी चढवली. पुढे तिच्या शेजारची जोडीही. पडद्यांना तर सरकवता येत नाही, मग तो वरच्या सुरांना बोटाने तार ताणून धरायचा, म्हणजे तिच्या सुराला जाऊन भिडेल. जन्मभर साथ केलेला माणूस. तिला कुठे काय लागेल ते तिच्याआधी त्याला कळायचं. बेसुराची साथ इतकी बिनचूक कोणी केली नसेल.

सांगायचं होतं. रोज सांगायचं होतं. चहा घेताना तोंड उघडायचा आणि विचारायचा, साखर आहे का अजून. एकदा तर धीर करून म्हणाला, "तुला हल्ली कानात काही होतं का गं?" ती म्हणाली, "होतं ना. पलीकडची पोरगी बेसूर वाजवते ते सहन होत नाही." त्याला भीती वाटायची. कान गेला हे तिला कळलं तर तिच्यात मागे काय उरेल ते त्याला दिसत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आपलं काय होईल तेही दिसत नव्हतं. ती सूर देणार आणि आपण लावून घेणार, याशिवाय तो आयुष्यात दुसरं काही शिकलाच नव्हता.

तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. एकटाच. डॉक्टरने त्याचे दोन्ही कान बत्तीने तपासले, काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि सांगितलं, "तुमचे कान तरण्याबांड माणसाचे आहेत. तक्रार काय?"

"वरचे सूर आहेत त्यापेक्षा उतरलेले ऐकू येतात," तो म्हणाला.

"तुम्हाला?"

मेंडोलिनवाल्याला खोटं रेटता येईना. "आमच्या ओळखीत एकजण आहेत. फिडल वाजवतात."

डॉक्टर समजूतदार होता. ते एकजण कोण, हे त्याने विचारलं नाही. फिडल कानाच्या अगदी खाली असतं, म्हणून वाजवणाऱ्यांचा डावा कान आधी जातो, असं तो म्हणाला. गेलेलं परत येत नाही; पण त्यांना घेऊन या, आहे ते सांभाळता येईल, आणि मुख्य म्हणजे त्यांना हे माहीत असायला हवं. "त्यांना माहीत आहे ना?" त्याने विचारलं. मेंडोलिनवाल्याने मान डोलावली आणि बाहेर येऊन जिन्यातच बसला. उतरणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच घोळायला लागलं. कानाचं काही करता येत नाही, पण फिडलचं? रोज संध्याकाळी ती त्या कोऱ्या लाकडात चढलेले सूर भरत होती, जीव ओतून. तिच्याच घरच्या समजुतीप्रमाणे ते फिडल आता वाकड्या वळणाला लागत होतं, आणि हेच लेकीच्या हातात जायचं होतं. एरवी तो या मुरवण्याच्या गोष्टींची तिच्यासमोर हळूच थट्टा करायचा. आता मात्र त्याचा त्यावर पक्का विश्वास बसला. माणूस घाबरला की काय वाटेल त्यावर विश्वास ठेवतो.

मग त्याने काय करावं? सकाळी ती शाळेत गेली की दार लावून घ्यायचा, फिडल काढायचा आणि स्वतः वाजवायला बसायचा. या वयात. डाव्या हाताचं अडत नव्हतं. चार सूर मेंडोलिनचेच, बोटांच्या जागा पाठ. अडत होतं उजव्या हाताचं. नखीने छेडायची सवय झालेला हात गज धरायला तयार नव्हता. गज दाबला की तार किंचाळायची, सैल सोडला की घसरत तारांखालच्या घोडीवर जाऊन आदळायचा. हनुवटीखाली वळ उठला. शेजारीण एकदा जिन्यात म्हणाली, "सकाळी तुमच्याकडे मांजर अडकतं का हो कुठे?" तो म्हणाला, "हो, माळ्यावर येतं."

पण तो चिवट होता. धून वगैरे वाजवायच्या भानगडीत तो पडलाच नाही. नादकाट्यावरून तारा लावायच्या, आणि एकेक सूर, जागच्या जागी, लांबच लांब ओढायचा. रात्रीचं खरकटं सकाळी घासावं तसं तिने संध्याकाळी भरलेलं तो सकाळी काढून टाकत होता. मग तारा पुन्हा होत्या तशा चढवायच्या, गज सैल करायचा, राळेची पूड पुसायची आणि पेटी जागेवर ठेवायची. एकदा तिने विचारलं, "गजाला एवढी राळ कशी लागली?" तो म्हणाला, "हवा दमट आहे." पुढे पुढे त्याचा गज जरा सरळ चालू लागला. कधीतरी एखादा सूर असा स्वच्छ निघायचा की त्याला रडू यायचं, आणि ज्या एका माणसाला तो ऐकवावा त्याच माणसापासून तो लपवायचा होता.

वर्ष सरत आलं. मधल्या काळात दोन शिष्य सुटले. एकीची आई दारात उभी राहून म्हणाली, "बाई हल्ली उगाच रागावतात. पोरगी बरोबर वाजवते तरी चढव चढव म्हणतात." तो म्हणाला, बाईंची शिस्त कडक आहे. फिडलबाईला त्याने सांगितलं, त्या लोकांनी घर बदललं. खोटं बोलायला त्याला आता श्रम पडत नव्हते, आणि याचीच त्याला रात्रंदिवस लाज वाटत होती.

लेक यायच्या आदल्या दिवशी तो पार हवालदिल झाला. लेकीचा कान आईवर गेलेला. ती आली की पहिल्या सुरालाच सगळं उघडं पडणार. आज सांगतो, दुपारी सांगतो, आता दिवेलागणीला सांगतो, करता करता दिवस गेला. मग त्याला वाटलं, निदान मेंडोलिन तरी यातून बाहेर काढू. त्याने बारीक तारांची जोडी मुद्दाम तोडली आणि चेहरा पाडून तिला दाखवली. म्हणजे उद्या वाजवायचा प्रश्नच नको. ती म्हणाली, "एवढं तोंड काय पाडतोस?" आणि कपाटातून नव्या तारा काढून, मेंडोलिन मांडीवर घेऊन बसल्याजागी घालून दिल्या. लावूनही दिल्या. स्वतःच्या कानाने.

लेक दुपारी आली. बॅग टेकवली न टेकवली तोच म्हणाली, "कुठंय माझं फिडल?" आईने पेटी उघडून तिच्या हातात दिलं. मुरवलेलं वाद्य देताना तिचे वडील जसे काही न बोलता द्यायचे तशीच. लेकीने ते हनुवटीखाली धरलं, तारा छेडल्या, कपाळाला आठी घातली आणि बारीक तार खाली आणली. ती तार इतक्या दिवसांनी आईच्या देखत आपल्या जागी आली होती. मेंडोलिनवाल्याला कोंदट खोलीत खिडकी उघडावी तसं झालं, आणि लगेच त्याने बायकोकडे पाहिलं.

"बारीक तार लाव," आई म्हणाली.

"लावली की."

"उतरलीय."

"नाही गं आई, बरोबर आहे." लेक हसली. "प्रवासाने तुझी लेक दमली असेल, कान नाही दमला."

"बरं, वाजव."

निवडीला वाजवायची होती ती संथ धून लेकीने सुरू केली. परवाच निवड होती. खालच्या तारांवर ती होती तोवर आई मान डोलावत होती. धून वर चढली तसा तिचा चेहरा उतरला. तिने हात वर केला.

"वर गेलीस की सगळं उतरतंय. काय शिकवतात गं तुला तिकडे?"

"आई, तिकडचे सर म्हणतात माझे वरचे सूर..."

"तिकडच्या सरांचं राहू दे. माझंही राहू दे. मेंडोलिनला विचार. पडद्यांना ना आई, ना लेक." ती नवऱ्याकडे वळली. "दे रे तिला सूर."

"दमून आलीय पोर, आधी काहीतरी खाऊ दे," तो म्हणाला.

"खाणं पळून जात नाही. दे."

त्याने नखी उचलली. बारीक जोडी छेडली. काल तिने लावलेली तार, चोख तिच्या सुरात. लेकीने ऐकलं. स्वतःची तार छेडली. पुन्हा ऐकलं.

"बाबा, परत दे ना."

त्याने परत दिला. मान खाली घालून. लेक त्याच्याकडे बघत होती, हे त्याला मान खाली असूनही कळत होतं.

"हे मेंडोलिन आणि मी लावून दिलेलं फिडल, दोन्ही एक बोलतायत," आई म्हणाली, आता जरा मवाळ आवाजात, "आणि तू एकटी वेगळं. कोण चुकतंय?"

लेकीला लहानपणापासून एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की आईचा कान चुकत नाही. आई म्हणाली रात्र, तर बाहेर ऊन असलं तरी ती दिवा लावायला उठली असती. "वर्षभर मी असंच वाजवत होते," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि कोणी सांगितलंही नाही." तिने खुंटी पिळून तार चढवली आणि धून पुन्हा पहिल्यापासून घेतली.

मेंडोलिनवाला ऐकत होता. लेकीची बोटं वरच्या सुरांना किंचित पुढे पडत होती. चुकून नव्हे. नीट, जपून, आईचं ऐकून. जिथे चुकून बरोबर लागायचं तिथे ती थांबून, दुरुस्त करून चढवत होती. परवा ती त्या लोकांपुढे उभी राहणार आणि हेच करणार, आणि ते पहिल्या ओळीतच तिचं नाव खोडतील. नुसतं परवाचं नाही. यापुढे स्वतःच्या कानावर ती कधी भरवसा ठेवणार नाही. या घरातला एक कान गेला होता, त्यात कोणाचा दोष नव्हता. दुसरा तो आपल्या हाताने घालवत होता.

"आता कसं," आई म्हणाली.

"थांब," तो म्हणाला. "थांब गं पोरी."

त्याने मेंडोलिन मांडीवर आडवं घेतलं आणि बारीक जोडीच्या खुंट्या उलट्या फिरवायला सुरुवात केली. फिरवतच राहिला. मग शेजारची जोडी. मग जाड तारेबरोबर बारीक तार छेडून दाखवली. लेकीच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. फिडलबाईला ती तार उतरलेलीच ऐकू आली असणार, पण ती ऐकत नव्हतीच. ती त्याच्या बोटांकडे बघत होती. खुंटी किती फिरली की सूर किती उतरतो, हे तिला कानांनी सांगावं लागत नव्हतं.

"एवढी?" ती म्हणाली.

"हळूहळू झालं."

"कधीपासून?"

"फिडल आणलं तेव्हापासून. दुकानातच."

मग त्याने सगळं सांगून टाकलं. तार कशी चढवत गेला ते, डॉक्टर काय म्हणाला ते, सकाळी दार लावून तो काय करायचा ते, शिष्य का सुटले ते. सांगताना त्याला मधूनच वाटत होतं की आता ती ओरडेल, काहीतरी फेकेल, आणि ते बरं होईल. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. त्याला तसलं काही वाटलं नाही. ती ऐकून घेत होती, आणि ऐकताना नकळत डोकं जरासं वळवून उजवा कान त्याच्याकडे करत होती. हे ती कधीपासून करत होती, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"मला वाटायचं आपण दोघं वाजवतोय," ती शेवटी म्हणाली. "एकटीच होते की रे मी."

मी रोज तुझ्याजवळच बसलो होतो, असं तो म्हणणार होता. ते खोटं नव्हतं, पण उपयोगाचंही नव्हतं. लेक फिडल खाली ठेवून आईजवळ आली, रडत म्हणाली की आपण दाखवू, मोठ्या डॉक्टरांना दाखवू. आईने तिचा हात बाजूला केला.

"ते मागाहून. परवा निवड आहे तुझी. तार लाव."

"आई..."

"लाव. माझ्याकडे बघू नकोस. तुझ्या कानाने लाव."

लेकीने डोळे पुसले आणि तार खाली आणली. धून सुरू झाली. फिडल बोचरं होतं खरं, पण वर जाताना एकेक सूर आपल्या जागी जाऊन उभा राहत होता. मेंडोलिनवाला मात्र धून ऐकत नव्हता, बायकोकडे बघत होता. ती पाठ ताठ ठेवून बसली होती. प्रत्येक वरच्या सुराला तिच्या भुवया जवळ येत होत्या, आणि ती त्या जोर लावून सैल सोडत होती. तिला तो सूर खाली पडलेलाच ऐकू येत होता, आणि तो बरोबर आहे असं तिला मानून घ्यायचं होतं. लेकीची धून संपेपर्यंत ती हललीसुद्धा नाही.

लेकीने गज खाली घेतला आणि सवयीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. आईने बोलायला तोंड उघडलं. आयुष्यभर तिने या जागी एक क्षणही विचार केला नव्हता. आता ती सावकाश नवऱ्याकडे वळली.

"सुरात होतं?" तिने विचारलं.

"होतं," तो म्हणाला. आणि ते होतंच. वर्षभरात त्या खोलीत इतकं खरं काही वाजलं नव्हतं.

ती त्याच्या चेहऱ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली, काही सापडतंय का ते शोधत.

"शपथ घेऊन सांगतो, होतं गं," तो म्हणाला. लेकही म्हणाली, "होतं आई." पण ती लेकीकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडेच बघत होती. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि तो बसेल असं त्याच्यापाशी आता काही उरलं नव्हतं.